खोगीर, रिकीब आणि रेसिंग मोटारसायकलची सीट

खोगीर, जीन, लगाम, तंग, रिकीब, चारजामा. घोड्याच्या साजाचे हे मराठी शब्द कोणत्याही उर्दू वाचकाला घरचे वाटतील, कारण ते फारसी-अरबीतून आले आणि इथेच मुरले. 'खोगीर'चा मूळ अर्थ मोठा मजेदार आहे. फारसीत 'खूय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा, शोषून घेणारा. म्हणजे खोगीर हे आधी घोड्याच्या पाठीचा घाम टिपणारे जाड कापड होते. स्वाराची बैठक हा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यात चिंध्या-गवत कोंबायचे म्हणून 'खोगीरभरती' हा वाक्प्रचार आला, आणि आज तो आपण निबंधातल्या फापटपसाऱ्यासाठी वापरतो.

घोडा रस्त्यावरून गेला, पण त्याने उभा केलेला प्रश्न गेला नाही. वेगात धावणाऱ्या वाहनावर स्वाराला जागच्या जागी कोण धरून ठेवणार? रेसिंग मोटारसायकलच्या सीटचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे. इंजिनांवर आणि विजेत्यांवर भरपूर लिहिले गेले. सीट मात्र दुर्लक्षित राहिली. खरे तर स्वाराचे शरीर आणि यंत्र यांच्यातला सगळ्यात मोठा सांधा तोच.

पेटलेले खोगीर

१८८५ साली जर्मनीत कान्श्टाट येथे गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोल इंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. चौकट लाकडी, इंजिन २६४ सीसीचे, ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती. तिचे नाव 'राइटवागेन', म्हणजे स्वारीची गाडी. बैठक तर सरळ घोड्याच्या खोगिराच्या धर्तीची, चामड्याची. इंजिन बसवले होते नेमके त्या खोगिराखाली, आणि त्या काळचे प्रज्वलन तापलेल्या नळीने होत असे. डाइमलरच्या मुलाने गाडी बाहेर काढली तेव्हा त्या उष्णतेने बैठकीनेच पेट घेतला, असे सांगितले जाते. घोड्याचे खोगीर उचलून यंत्रावर ठेवले म्हणजे काम भागत नाही, हा धडा पहिल्याच फेरीत मिळाला.

पुढचा टप्पा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. जॉन बोल्टबी ब्रूक्स हा तिथला घोड्यांचा चामडी साज बनवणारा कारागीर. १८६६ पासून त्याचा हा धंदा. सायकली आल्यावर त्याने त्यांच्यासाठी चामड्याची बैठक बनवली आणि १८८२ साली तिचे पेटंट घेतले. पुढे याच कारखान्याने मोटारसायकलींच्या सॅडलही बनवल्या. म्हणजे घोड्यापासून मोटारसायकलपर्यंतचा प्रवास एका कारागिराच्या दुकानातूनच झाला. चामडे तेच, हुनर तेच, फक्त गिऱ्हाईक बदलले.

तीन टेकूंची सॅडल

२८ मे १९०७ रोजी आइल ऑफ मॅन बेटावर पहिली टीटी शर्यत झाली. एक सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर चार्ली कॉलियर जिंकला, दोन सिलिंडरच्या गटात नॉर्टनवर रेम फाउलर. रस्ते कच्चे, धुळीचे. गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट चौकटीत आणि चौकटीतून स्वाराच्या कण्यात जायचा.

यावर उपाय म्हणून सॅडललाच स्प्रिंगा लावल्या जात. तिची जोडणी तीन ठिकाणी असे: पुढे नाकाशी एक बिजागरी आणि मागे दोन गुंडाळी स्प्रिंगा. साध्या प्रवासाला ही रचना उत्तम. शर्यतीत मात्र तिचा दोष उघडा पडे. स्वार वर-खाली उसळत राही आणि खाली मागचे चाक काय करते आहे हे त्याला नीट समजत नसे. वेग वाढला तसा स्वार टाकीवर आडवा झोपू लागला, आणि ते करायला ढुंगण मागे सरकवावे लागे. सॅडल तर आखूड. म्हणून १९३०च्या दशकात रेसवाल्यांनी मागच्या मडगार्डवर एक छोटी गादी बांधायला सुरुवात केली. सरळ रस्त्यावर त्या गादीवर, वळणावर सॅडलवर. एका स्वाराला दोन बैठका.

१९३५ साली स्टॅन्ली वुड्सने मागच्या चाकाला स्प्रिंग असलेल्या मोटो गुझीवर सीनियर टीटी जिंकली. नॉर्टनच्या जिमी गथ्रीपेक्षा तो अवघे चार सेकंद पुढे होता. त्या चार सेकंदांनी एक वाद मिटवला. स्प्रिंग चाकाला हवी, बैठकीला नव्हे. मागचे चाक आपला दणका आपणच पचवू लागले, तशी सीट सपाट, लांब आणि घट्ट होत गेली. लांब सलग सीटचे श्रेय वेलोसेटच्या हॅरल्ड विलिसला दिले जाते. सीट चौकटीला पक्की बसवायची ही कल्पना इथून रुजली.

पिसांची गादी

१९५० साली बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने आखलेली नवी चौकट नॉर्टनने शर्यतीत उतरवली. ती चालवून पाहिल्यावर हॅरल्ड डॅनियलने तिची तुलना पिसांच्या गादीशी केली, आणि 'फेदरबेड' हे नाव कायमचे पडले. त्या वर्षी सीनियर आणि ज्युनियर दोन्ही टीटीत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे होते. सीनियर जेफ ड्यूकने जिंकली.

मौज अशी की नाव गादीचे असले तरी सीट जाड नव्हती. आराम चौकटीतून आणि मागच्या झुलत्या फोर्कमधून येत होता. रेनल्ड्स कंपनीच्या ५३१ जातीच्या पोलादी नळ्यांची ती चौकट होती. सीट धरणारा मागचा भाग सुरुवातीला बोल्टने जोडलेला असे, पुढे तो वेल्डने कायमचा जोडला गेला. बोल्टचा सांधा कंपनाने सैल होतो, वेल्डचा होत नाही.

बारगीर आणि शिलेदार

इथे आपल्याच इतिहासातले दोन शब्द कामाला येतात. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचा साज घेऊन येई. मोटारसायकल शर्यतीतही हेच दोन वर्ग होते. कंपनीचे पगारी स्वार हे बारगीर. स्वतःच्या पैशाने गाडी घेऊन, ती व्हॅनमध्ये घालून युरोपभर फिरणारे हे शिलेदार.

१९५४ नंतर नॉर्टनने कारखान्याच्या खास रेसगाड्यांतून अंग काढून घेतले. पण विक्रीला ठेवलेली 'मँक्स' १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली आणि शिलेदारांनी ती पुढेही धावती ठेवली. १९६१ची सीनियर टीटी माइक हेलवूडने नॉर्टनवर जिंकली. १९६९ साली युगोस्लाव्हियातल्या ओपातिया येथे गॉडफ्रे नॅशने ५०० सीसीची ग्रां प्री जिंकली, तेव्हा तिची रचना जवळपास दोन दशके जुनी होती. बारगिराची सीट कारखान्यातला उस्ताद बसवून देई. शिलेदाराला ती स्वतः बसवावी लागे, तीही अनेकदा दोन शर्यतींच्या मधल्या रात्री.

बोल्ट कशाला धरतो?

सीटवर फक्त वजन खाली दाबते, असा समज असतो. हिशोब करून पाहू. ७० किलोचा स्वार आहे आणि गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने पुढे झेपावते. मग त्याचे शरीर सुमारे ३५ किलोच्या जोराने मागे ढकलले जाते. हा जोर हातांनी पेलायचा तर हँडल ओढले जाईल आणि गाडी डुलेल. म्हणून रेसिंग सीटला मागे उंचवटा असतो. स्वार त्याला टेकतो आणि हात मोकळे राहतात. म्हणजे सीटच्या बोल्टांना खालच्या दाबापेक्षा मागची ओढ आणि वळणावरचा आडवा रेटा जास्त सोसावा लागतो.

त्यावर कंपन. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० हादरे झाले. साधा नट यापुढे टिकत नाही. म्हणून जाणकार सीट अशी बसवतात: पुढे एक जीभ चौकटीच्या आडव्या नळीखाली अडकवायची, मागे दोन बोल्ट, मध्ये रबराच्या चकत्या. नट नायलॉनच्या कड्याचा, किंवा बोल्टच्या डोक्याला भोक पाडून तारेने बांधलेला. सीट काचतंतूची असेल तर बोल्टखाली रुंद वॉशर आणि आतून धातूची पट्टी हवी, कारण काचतंतू पसरलेला भार सोसतो, टोचणारा भार सोसत नाही. तडा नेहमी भोकापासून सुरू होतो.

शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. मागच्या स्प्रिंगा काढून चाक वरपर्यंत उचलून बघायचे, की बोल्टचे टोक टायरला लागत तर नाही ना. उभ्या गाडीत दोन बोटांची जागा दिसते, पण खड्ड्यात तीच जागा नाहीशी होते.

जुने जपायचे की जीव?

आज या गाड्या मोलाच्या वस्तू झाल्या आहेत आणि त्यांच्या शर्यतीही होतात. इथे खरा पेच येतो. नवी सीट बसवण्यासाठी सत्तर वर्षांच्या नळीला भोक पाडले तर इतिहास बिघडतो आणि नळीही कमकुवत होते. ५३१ नळी अती तापवून वेल्ड केली तर सांध्याजवळची ताकद घटते. म्हणून शहाणा कारागीर भोक पाडत नाही. तो नळीभोवती रबर लावलेली पकड बसवतो, किंवा जुन्याच जागा शोधून त्यांच्या मापाची पट्टी बनवतो. पुढच्या माणसाला ती काढता येते आणि खाली मूळ नळी शाबूत सापडते.

या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर रोली फ्री व्हिन्सेंट गाडीवर पोटावर आडवा झोपला. पाय मागे लांब केलेले, अंगावर फक्त पोहण्याची चड्डी, टोपी आणि बूट. त्याने ताशी १५०.३१३ मैलांचा वेग नोंदवला. ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पण त्या मैदानात वळण नव्हते आणि समोर कोणी नव्हते. बेटावरच्या सुमारे ६० किलोमीटरच्या डोंगरी फेरीत असा स्वार पहिल्या वळणालाच गाडीवरून सुटला असता.

तंग सैल राहिला तर उमदा घोडाही स्वाराला पाडतो, हे आपल्या घोडदळातल्या प्रत्येक मोतद्दाराला ठाऊक होते. त्याचे नाव बखरीत आले नाही. सीटचा बोल्ट तारेने बांधणाऱ्यांचीही नावे विजेत्यांच्या पाटीवर नाहीत. वर ज्या शर्यती सांगितल्या, त्यातला प्रत्येक स्वार त्यांच्या इमानदारीवर बसून शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचला.