टर्बो गाडीत बूस्ट गेज बसविताना...

टर्बोचार्जर असलेली गाडी एके काळी केवळ डिझेलवाल्यांची मानली जात असे. आता एक लिटर वा त्याहून किंचित मोठ्या पेट्रोल इंजिनांनाही टर्बो जोडलेला असतो. मात्र टर्बो किती दाब निर्माण करीत आहे, हे सांगणारा काटा बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर नसतो. इंजिनाचे फेरे आणि पेट्रोलची पातळी दिसते, कूलंट तापल्यास निदान लाल दिवा तरी लागतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोविषयी मात्र चालक अंधारात राहतो. ही उणीव बूस्ट गेज भरून काढतो. त्याने गाडीची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, असे हे तंत्र आहे. वातावरणाच्या दाबापेक्षा जो जास्तीचा दाब इनटेक मॅनिफोल्डमध्ये तयार होतो, तो म्हणजे बूस्ट. तो 'बार' किंवा 'पीएसआय'मध्ये मोजतात. एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. गेजवरील शून्य म्हणजे निर्वात नव्हे, तर भोवतालच्या हवेचा दाब. समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबईत, तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९५च्या आसपास, तर महाबळेश्वरला ८६च्या आसपास. त्यामुळे तीच गाडी महाबळेश्वरला तेवढेच बूस्ट दाखवीत असली, तरी इंजिनात प्रत्यक्ष जाणारी हवा कमीच असते. घाटमाथ्यावर 'काटा तर तोच आहे, मग पिकअप का नाही' असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हे आहे.

कोणता गेज घ्यावा?

बाजारात दोन प्रकार मिळतात. यांत्रिक गेजमध्ये इंजिनापासून बारीक नळी थेट काट्यापर्यंत येते. आत वाकवलेली धातूची नळी असते, ती दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. फ्रान्सच्या यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही बिनचूक काम करते. तिला विजेची गरज केवळ दिव्यापुरती लागते. इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये दाब मोजणारा सेन्सर बॉनेटखालीच राहतो आणि केबिनमध्ये फक्त वायर येते. तो महाग पडतो. तरीही पेट्रोल गाडीसाठी आमचा कौल त्यालाच आहे, कारण मॅनिफोल्डच्या नळीत इंधनाची वाफ असू शकते आणि अशी नळी पायांजवळ, डॅशबोर्डच्या आत सुटलेली कोणालाच नको असते.

पेट्रोल गाडीसाठी निर्वात आणि दाब दोन्ही दाखविणारा गेज घ्यावा. थ्रॉटलचा पडदा मिटलेला असताना मॅनिफोल्डमध्ये हवा ओढली जाते, म्हणून गाडी नुसती सुरू असताना काटा शून्याच्या खाली, साधारणतः उणे ०.६ ते ०.७ बारपर्यंत जातो. डिझेल इंजिनात हवेचे प्रमाण अशा रीतीने रोखून धरले जात नाही. तेथे काटा शून्याजवळच राहतो. तेथे शून्य ते दोन बार असा साधा गेज पुरतो.

जोड कोठे घ्यावा?

सगळ्या कामातील हाच कळीचा मुद्दा आहे. दाबाचे मोजमाप थ्रॉटलच्या पुढे, खुद्द इनटेक मॅनिफोल्डवर घ्यावयास हवे. अनेक इंजिनांवर तेथून निघणारी बारीक रबरी नळी असते. ती कापून मध्ये 'टी' आकाराचा जोड टाकला जातो. समोर दिसली ती नळी कापायची, हा आपल्याकडील अनेक गॅरेजांचा खाक्या मात्र येथे महागात पडतो. दोन नळ्यांना हात लावू नये. पहिली ब्रेकच्या सर्वोची. तिथला जोड गळू लागला तर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. दुसरी टर्बोच्या वेस्टगेटची. अनेक गाड्यांत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की याच नळीतून मिळणाऱ्या संकेताने वेस्टगेट उघडतो. ती नळी निसटली तर वेस्टगेट मिटलेलाच राहतो आणि दाब बेसुमार वाढून इंजिनच जायबंदी होऊ शकते. पाचशे रुपयांच्या हौसेपायी पिस्टन फोडून घेण्यात अर्थ नाही.

डिझेल गाडीत हा जोड इंटरकूलर आणि इंजिन यांमधील पाइपवर घेता येतो. नळी साधी पारदर्शक प्लास्टिकची नको, सिलिकॉनची असावी आणि प्रत्येक जोडावर क्लिप असावी. टर्बोच्या गरम बाजूपासून ती लांब ठेवावी. पेट्रोल इंजिनात तेथून जाणारा धूर आठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. फायरवॉलमधून आत येताना नवे भोक पाडण्याऐवजी वायरिंगसाठी असलेल्या रबरी बुचातूनच नळी वा वायर न्यावी. पत्र्याच्या कडेवर घासली गेल्यास ती काही महिन्यांत चिरते. गेजच्या विजेच्या तारा तीन असतात. एक चावी फिरविल्यावर सुरू होणाऱ्या लाइनवर, दुसरी पार्किंग दिव्यांच्या लाइनवर, तिसरी अर्थिंगला. पहिलीवर स्वतंत्र लहान फ्यूज टाकावाच.

गेज कोठे बसवावा, याबाबत हौसेला आवर घालावा लागतो. ५२ मिलिमीटर व्यासाचा गेज काचेशेजारच्या खांबावर फार शोभून दिसतो. परंतु पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेल्या गाडीत त्याच खांबाच्या आवरणामागून एअरबॅग गेलेली असते. अपघातात ती उघडताना गेज चालकाच्या चेहऱ्याच्या दिशेने फेकला जाऊ शकतो. अशा गाडीत स्टीअरिंगमागील किंवा मधल्या कन्सोलवरील जागाच पाहावी.

काटा काय सांगतो?

बसवून झाल्यावर इंजिन सुरू करून कान द्यावा. 'सूं' असा आवाज येत असेल किंवा इंजिनाचे फेरे वरखाली होत असतील, तर हवा कोठेतरी गळते आहे. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर फेरी मारावी, काट्यावर नजर मात्र शेजारी बसलेल्याने ठेवावी. नव्या गेजवर पहिल्याच आठवड्यात आपल्या गाडीचे नेहमीचे आकडे टिपून ठेवावेत, कारण पुढे सारा उपयोग तुलनेचाच असतो. कमाल बूस्ट नेहमीपेक्षा घटले आणि गाडी ओढेनाशी झाली, तर इंटरकूलरचा पाइप सैल झाला असण्याची शक्यता आधी तपासावी. टर्बो बदलण्याचा सल्ला मिळण्यापूर्वी एक क्लिप आवळून पाहणे स्वस्त पडते. नेहमीपेक्षा दाब वाढू लागला तर मात्र गाडी दामटू नये, वेस्टगेट तपासून घ्यावा. पेट्रोल गाडी उभी असताना निर्वात नेहमीइतका दिसत नसेल आणि काटा थरथरत असेल, तर दोष टर्बोत नसून इग्निशन वा व्हॉल्व्हमध्येही असू शकतो.

वॉरंटी चालू असलेल्या गाडीची नळी कापणे अर्थातच धोक्याचे. पुढे इंजिनात काही बिघाड झाल्यास कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. अशा गाडीत स्टीअरिंगखालील ओबीडी सॉकेटला लावायचा रीडर हा पर्याय आहे. इंजिनाचा स्वतःचा सेन्सर मॅनिफोल्डमधील दाब मोजतच असतो, रीडर तो आकडा मोबाइलच्या पडद्यावर दाखवितो. हा दाब निर्वातापासून मोजलेला असल्याने त्यातून त्या गावचा हवेचा दाब वजा करावा लागतो. पडद्यावर १९५ किलोपास्कल दिसत असतील, तर पुण्यात त्याचा अर्थ एक बार बूस्ट. या प्रमाणित आकड्याची मर्यादा २५५ किलोपास्कल आहे. म्हणजे दीड बारच्या पुढे जाणाऱ्या डिझेल गाडीत तो तेथेच अडकून पडतो, तसेच काट्याच्या मानाने तो किंचित रेंगाळत बदलतो. दररोजच्या वापराला तेवढे पुरते, आणि गाडी विकताना रीडर काढून खिशात घालता येतो.