हायड्रोकार्बन म्हणजे काय? मराठीतला ‘अणू’, हिंदीतला ‘अणु’ आणि स्वयंपाकघरातला गॅस

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंदे की छावनी ही वस्ती आहे. पाटीवर ‘छावनी’, मराठी तोंडात ‘छावणी’. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे फौजेचा तळ टाकला आणि त्या तळावरूनच भागाला लष्कर हे नाव पडले. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांच्या आजच्या पिढ्या घरात मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. एरवी ण आणि न यांच्या फरकाने कुणाचे काही अडत नाही. दहावीच्या विज्ञानात कार्बनचा धडा आला की मात्र अडते.

मराठी पुस्तकात मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू आणि अणू एकत्र येऊन बनतो तो रेणू. हिंदी पुस्तकात पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे एकच शब्द, अर्थ वेगळे. मिथेनबद्दल मराठी मास्तर सांगतील, ‘एका रेणूत पाच अणू’. हिंदी पुस्तक म्हणेल, ‘एक अणु में पाँच परमाणु’. दोघेही बरोबर. पण पुण्याच्या मावशीकडून सुट्टीत धडा समजून घेतलेल्या मुलाने हिंदी पेपरात ‘अणु’चा अर्थ मराठीतला घेतला, तर येत असलेले उत्तर चुकते. मराठीत अणुबॉम्ब आणि हिंदीत परमाणु बम का, याचे उत्तरही हेच.

बाकीचे शब्द निदान फसवत नाहीत, फक्त वेगळे आहेत. मराठीतले संयुग हिंदीत यौगिक होते, संयुजेची संयोजकता होते, सहसंयुज बंधाचा सहसंयोजी आबंध होतो, संपृक्तचे संतृप्त. समावेशन अभिक्रियेला हिंदीत संकलन म्हणतात, प्रतियोजनाला प्रतिस्थापन आणि ज्वलनाला दहन. या लेखात मराठी पाठ्यपुस्तकातले शब्द वापरले आहेत.

चार हातांचा कार्बन

हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन यांचे संयुग. तिसरे काही नाही. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि आठ पुरे करायला आणखी चार लागतात. चार देऊन टाकणे कठीण, चार ओढून घेणेही कठीण. म्हणून कार्बन भागीदारी करतो. आपला एक इलेक्ट्रॉन, समोरच्याचा एक, आणि जोडी दोघांची. हाच सहसंयुज बंध. मिथेनमध्ये एका कार्बनला असे चार हायड्रोजन जोडलेले असतात. ते कागदावर काढतात तसे अधिक चिन्हासारखे सपाट नसतात. चार दिशांना एकमेकांपासून शक्य तितके लांब, १०९.५ अंशांच्या कोनात पसरलेले असतात.

कार्बनची खरी करामत पुढे आहे. तो दुसऱ्या कार्बनचाही हात धरतो, तो तिसऱ्याचा, आणि साखळी वाढत जाते. एक कार्बन मिथेन, दोन इथेन, तीन प्रोपेन, चार ब्यूटेन. ब्यूटेनपासून गंमत सुरू होते, कारण चार कार्बन सरळ रांगेत बसू शकतात किंवा तिघांच्या रांगेत मधल्याला चौथा चिकटू शकतो. अणूंची संख्या तीच, पण पदार्थ दोन. सरळ ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते, फांदीवाले साधारण उणे १२ अंशांना.

दोन कार्बनमध्ये एक जोडी असेल तर एकेरी बंध, दोन असतील तर दुहेरी, तीन असतील तर तिहेरी. सगळे बंध एकेरी असलेली संयुगे संपृक्त, म्हणजे अल्केन. दुहेरी बंधवाली अल्कीन, तिहेरीवाली अल्काइन. पुष्कळांना वाटते की दुहेरी बंध म्हणजे दुप्पट पक्का. तसे नाही. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला दर मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल लागतात, दुहेरीला साधारण ६१०. दुसरी जोडी पहिलीपेक्षा कमकुवत असते, आणि ती सुटून नवे अणू जोडून घेते. असंपृक्त संयुगांची निम्मी रसायनविद्या या एका गोष्टीत आहे.

समुद्रातून छावणीपर्यंत

ओएनजीसीला १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले, पुढे त्याच भागात वसईच्या नावाच्या क्षेत्रात नैसर्गिक वायू. तो गुजरातेत हजिऱ्याला किनाऱ्यावर आणून उत्तरेकडे नेण्यासाठी हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी टाकली गेली. त्यासाठीच १९८४ मध्ये ‘गेल’ कंपनी स्थापन झाली. मधले विजयपूर हे ग्वाल्हेरच्या दक्षिणेला गुना जिल्ह्यात आहे. तिथे वायूतली जड मंडळी वेगळी काढली जातात. प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली द्रव होतात, ते सिलिंडरमध्ये जातात. हलका मिथेन वाहिनीतच राहतो, खतकारखान्याला आणि शहरांना जातो. आता या जाळ्यात आयात केलेला वायूही मिसळतो.

ग्वाल्हेरमध्ये आज दोन्ही आहेत. काही घरांत पाइपचा गॅस, काहींत १४.२ किलोचा लाल सिलिंडर. ज्योत दोन्हीकडे निळीच, पण रेणू वेगळे, आणि म्हणून वागणूक वेगळी. मिथेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, प्रोपेनला पाच, ब्यूटेनला साडेसहा. तेवढ्याच आकारमानात मिथेन साधारण तिसऱ्या हिश्शाइतकीच उष्णता देतो. त्यामुळे पाइपचा गॅस घेतला की शेगडीचे नोझल बदलून मोठ्या छिद्राचे बसवावे लागते. जुन्या नोझलवर भाकरी भाजत नाही, अशी तक्रार होते ती यामुळेच.

गळतीच्या वेळी हा फरक जिवाशी येतो. मिथेनचे वजन हवेच्या निम्म्याहून थोडे जास्त, म्हणून तो वर छताकडे जातो आणि वरच्या झरोक्यातून निघून जाऊ शकतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. सिलिंडरचा गॅस जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, मोरीत, तळघराच्या पायऱ्यांवर साचून राहतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही, दारही उघडावे लागते. दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो. कुजक्या कोबीसारखा येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त मर्कॅप्टनचा. वास आला की विजेचे कुठलेही बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करून बाहेर पडायचे आणि फोन बाहेरून करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे.

दुसरा धोका वास देत नाही. हायड्रोकार्बन पुरेशा हवेत जळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. ग्वाल्हेरच्या थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा न्हाणीघर गच्च बंद करून आत गॅस गीझर लावला जातो. गीझर खोलीतलाच ऑक्सिजन खातो, मग अर्धवट जळतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा मोनॉक्साइडला दोनशेपट जास्त घट्ट धरते. डोके जड होते, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढायचे भान राहत नाही. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवणे हाच उपाय. निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर हवा कमी पडते आहे असे समजावे.

तेल, तूप आणि आंबा

संपृक्त अल्केन तसे आळशी. क्लोरीनबरोबर मिथेनची क्रिया व्हायला सूर्यप्रकाश लागतो, आणि तेव्हाही एकेक हायड्रोजन निघून त्याच्या जागी क्लोरीन बसतो. हे प्रतियोजन. असंपृक्ताला काही काढावे लागत नाही, जोडूनच घेता येते. हे समावेशन.

याचा नमुना चंबळच्या घराघरांत आहे. मुरैना-भिंडचे सरसोचे तेल काटेकोरपणे हायड्रोकार्बन नव्हे, त्यात ऑक्सिजनही असतो. पण त्याच्या लांब साखळ्यांत दुहेरी बंध असतात. त्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकून गरम केले तर रंग फिका पडतो. वनस्पती तुपात तसा पडत नाही, कारण तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन घालूनच ते घट्ट केलेले असते. हे काम अर्धवट झाले की ट्रान्स फॅट उरते. खाद्यतेल-तुपात ते २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात २०२२ पासून आहे.

इथीन हा सर्वांत लहान अल्कीन. फळे पिकताना तो स्वतःच तयार करतात, आणि पिकवणी केंद्रात मोजून सोडायला त्याला परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला नाही. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन, म्हणजे इथाइन निघते. ते इथीनची नक्कल करून आंबा पिवळा करते, पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. वेल्डिंगवाल्याच्या दुकानात तेच इथाइन ऑक्सिजनबरोबर तीन हजार अंशांच्या वर ज्योत देते. आंब्याच्या पेटीत कागदाची पुडी सापडली आणि तिला लसणासारखा वास येत असेल, तर ती कार्बाइडची असू शकते.