पीएसए चाचणी : उगम, प्रसार आणि पुनर्विचार

प्रस्तावना :
प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी होय. तिच्या कर्करोगाची तपासणी दीर्घकाळ गुदमार्गे बोटाने केलेल्या स्पर्शपरीक्षणावर अवलंबून होती. रक्तचाचण्या नंतर आल्या. त्यांपैकी पीएसए चाचणी ज्या कामासाठी प्रथम मान्य झाली, त्याहून वेगळ्याच कामासाठी ती सर्रास वापरली गेली, असे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

उगम व प्रसार :
इ. स. १९३८ मध्ये अमेरिकेतील अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात रक्तातील आम्ल फॉस्फटेज या विकराचे प्रमाण वाढते, असे दाखविले. परंतु या चाचणीने बहुधा पसरलेलाच रोग लक्षात येई. १९७९ मध्ये बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेतील संशोधकांनी प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन, म्हणजेच पीएसए, हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या चाचणीस मान्यता दिली, ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यापुरती. रोग शोधण्यास साहाय्यक म्हणून मान्यता १९९४ मध्ये मिळाली. तत्पूर्वीच लक्षणे नसलेल्या पुरुषांत तिचा वापर रूढ झाला होता आणि १९९२ मध्ये अमेरिकेतील नव्या निदानांचे प्रमाण शिखरास पोहोचले होते.

मर्यादा :
पीएसए हे कर्करोगाचे नव्हे, तर प्रोस्टेट ग्रंथीचे प्रथिन आहे. ग्रंथीची सौम्य वाढ किंवा दाह यांतही ते वाढते. उलटपक्षी, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, पीएसए प्रति मिलिलिटर ४ नॅनोग्रॅम वा त्याहून कमी असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांत बायोप्सीने कर्करोग आढळला. शिवाय अनेक गाठी इतक्या मंद वाढतात की त्या जीवघेण्या ठरत नाहीत. उपचारांमुळे मात्र मूत्रावरील नियंत्रण व लैंगिक क्षमता गमावण्याचा धोका असतो.

पुनर्विचार :
२००९ च्या युरोपीय चाचणी-अभ्यासात या रोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तथापि एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० पुरुषांची तपासणी व ४८ जादा रुग्णांवर उपचार आवश्यक ठरले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने सरसकट तपासणीविरुद्ध शिफारस केली. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी हा निर्णय डॉक्टरांशी चर्चा करून प्रत्येकाने घ्यावा, असे सुचविले.

निष्कर्ष :
रोग्याच्या पाठपुराव्यात उपयुक्त ठरलेला आकडा निरोगी माणसाच्या बाबतीत तितकाच निर्णायक ठरत नाही. अलीकडे बायोप्सीपूर्वी एमआरआय करण्याची पद्धत रूढ होत आहे, ती याच उणिवेपोटी. चाचणीच्या अचूकतेइतकाच ती कोणासाठी व कशासाठी केली जाते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.