मुखपृष्ठावरची नितळ त्वचा

काळेवाडीतल्या आमच्या एका विद्यार्थिनीने फॅशन मासिकाचे मुखपृष्ठ संगणकावर करून दाखवले. छायाचित्रातल्या मुलीच्या गालावरचा व्रण तिने सहज पुसला होता. आम्हाला दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर आठवले.

दलालांनी १९४५ साली 'दीपावली'चा आरंभ केला. त्याच्या मुखपृष्ठांवरील स्त्रिया रेषा-रंगांतून अवतरल्या. मुळगावकरांनी एअरब्रशच्या तुषारांनी चेहऱ्यांना लोभस नितळपणा दिला. १९९० साली आलेल्या फोटोशॉपने हे अवजार नावासह उचलले. २००२ साली त्यात डाग बुजवणारा 'हीलिंग ब्रश'ही आला.

तेव्हा स्त्रीरूपाचे आदर्शीकरण सॉफ्टवेअरने आणले, हा समज इतिहासाला धरून नाही. फरक वेगळाच आहे. रंगवलेले मुखपृष्ठ आपले कल्पितपण लपवीत नसे. त्यावर चित्रकाराची सही असे. संस्कारित छायाचित्र मात्र पुराव्याच्या थाटात समोर येते, आणि आरशापुढची मुलगी स्वतःलाच उणी ठरवते.

आम्ही तिला एवढेच विचारले : हा व्रण खुपत कोणाला होता? तिने दुरुस्तीचा थर बंद केला. व्रण परत आला. मुखपृष्ठ काही बिघडले नाही.