पोराचे चोचले की आणखी काही?

मैत्रिणींनो, पोळ्याला ढोल वाजू लागला की एखादं पोर कान दाबून घरात पळतं. भरीत बोटाला लागलं तरी ओकारी काढतं, सदऱ्याची शिवण टोचते म्हणून रडतं. आपण म्हणतो, चोचले! नाहीतर दृष्ट काढतो. आणि बोल लागतो आईला.

याचा अभ्यास अमेरिकेत ए. जीन एअर्स या बाईंनी केला. १९७२ साली त्यांचं पुस्तक आलं. कान, डोळे, कातडी जे सांगतात ते मेंदूला नीट जुळवता आलं नाही, तर साधा आवाजही सोसत नाही, असं त्यांनी मांडलं. प्रत्येक हट्टामागे हेच असतं असं नाही, पण मारून हे जात नाही.

एअर्सबाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जेवणं, कपडे घालणं, खेळणं ही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी ही विद्या आपल्याकडे आधीच आली होती, तीही एका सुनेमुळे! अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी निंबकरांच्या घरी येऊन कमलाबाई झाल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी हे शिकवणारी शाळा काढली. मुंबईची रेल्वे जळगाव-धुळ्याला केव्हाच आली होती. या विद्येला मात्र खेड्याची वाट लवकर सापडली नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. वजन-उंची झाली की पोराला घेऊन निघू नका, कान दाबतं, जेवत नाही, हेही डॉक्टरांना सांगा. पुढच्या तपासणीला जिल्ह्याला जावं लागलं तर एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. उरलेला खर्च बिनव्याजी द्यायचा, असा ठराव आमच्या गटानं केला आहे.