भातातले राखणदार

मंडळी, आमच्या आंबीच्या खाचरांत पूर्वी बीएचसीची भुकटी फडक्यात बांधून भातावर धुरळत. वासाने डोके उठे. तुडतुडे पटापट मरत, म्हणून सगळे खूश! पण त्यांना खाणारे कोळीही मरत. (कोळी कीटक नव्हे, त्याला आठ पाय. मास्तरांची खोड, जात नाही.) तुडतुड्याची अंडी मात्र खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आत सुखरूप. पिल्ले बाहेर पडत तेव्हा राखणदारच उरलेला नसे.

इंडोनेशियात हेच घडले. तुडतुड्यांनी भाताचे अतोनात नुकसान केले, तेव्हा १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्याकडे बीएचसीवर बंदी आली ती १९९७ साली.

जुने ते सोने म्हणणारा मी नव्हे. आपला लाडका इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातूनच आला. पण आवणीआधी रोपांचे शेंडे खुडले की खोडकिड्याची अंडी जातात, कापणीनंतर ओलीवर नांगरले की धसकटातल्या अळ्या बगळ्यांच्या तोंडी लागतात. याला पैसा कुठे लागतो?

गणपतीत गावी आलात तर सकाळी बांधावर उभे राहा आणि भातात कोळ्यांची किती जाळी दिसतात ते मोजून मला जरूर कळवा.