बाटलीवरची विधवा

बाटली म्हटलं की आपल्याला आडवी बाटली आठवते. दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्यांतली मीही एक. तरी आज गोष्ट सांगणार आहे ती वाइन करणाऱ्या बाईची. तिने बाटली उभी ठेवली नाही की आडवी. तिने ती उलटी केली.

फ्रान्समध्ये शँपेन नावाचा प्रांत आहे, तिथली फसफसणारी वाइन ती शँपेन. त्या प्रांतातल्या रँस शहरात १७७७ साली बार्ब-निकोल जन्मली. बाप कापडाचा मोठा व्यापारी. १७९८ मध्ये तिचं लग्न फ्रान्स्वा क्लिकोशी झालं. त्याच्या घरी कापड, सावकारी आणि थोडा वाइनचा धंदा, स्वतःचे द्राक्षमळेही होते. फ्रान्स्वाला वाइनचाच नाद. पण १८०५ मध्ये तो तापाने गेला. पदरात सहा वर्षांची मुलगी, क्लेमांतीन. बार्ब-निकोलचं वय २७.

सासऱ्याचा हा एकुलता एक मुलगा. त्याने दुःखाने धंदा गुंडाळायचं ठरवलं. सून म्हणाली, मी चालवते. त्या काळी तिकडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय करारमदार करता येत नसे. विधवेला मात्र येई. म्हणजे बघा, नवरा असेपर्यंत सही चालत नाही, तो गेला की चालते! सातबाऱ्यावर नाव लागायला आपल्याकडेही किती जणींना तेवढीच वाट पाहावी लागते, ते तुम्हीच आठवा.

सासऱ्याने पैसा दिला, पण एक अट घातली. फुर्नो नावाच्या जाणत्या वाइनवाल्याबरोबर चार वर्षं भागीदारीत राहून काम शिकायचं. ती शिकली. चार वर्षं संपली, फुर्नो वेगळा झाला, आणि १८१० पासून बाईने स्वतःच्या नावावर धंदा सुरू केला. दिवस मात्र वाईट. नेपोलियनची युद्धं चालू, बंदरं अडलेली, माल तळघरात पडून.

त्यातच मालाची एक जुनी अडचण होती. शँपेनमध्ये फेस यावा म्हणून वाइन बाटलीत पुन्हा आंबवतात. मग यीस्टचा गाळ तळाशी बसतो आणि वाइन गढूळ दिसते. गाळ काढायला ती दुसऱ्या बाटलीत ओतावी, तर फेस उडून जातो. ताक गाळताना लोणी वाया जावं तसं. बाईने भोकं पाडलेलं टेबल करवून घेतलं. घरातल्याच टेबलाला भोकं पाडली असं सांगतात. त्यात बाटल्या तोंड खाली करून खोचायच्या आणि काही आठवडे रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. गाळ घसरत घसरत बुचाशी येतो. मग बूच काढलं की आतल्या जोरानेच गाळ बाहेर उडतो आणि वाइन नितळ राहते. १८१६ च्या सुमारास तिने आणि तिचा तळघरप्रमुख म्युलर याने ही रीत बसवली. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्र करतं, पण रीत तीच.

त्याआधी १८१४ मध्ये नेपोलियन हरला. रशियाने फ्रेंच मालावरची बंदी अजून उठवली नव्हती. ती उठायची वाट न बघता बाईने साडेदहा हजार बाटल्या जहाजावर चढवल्या. बरोबर तिचा विक्रेता लुई बोन. जहाज बुडालं असतं किंवा माल जप्त झाला असता, तर धंदाच बुडाला असता. पण बाकीचे व्यापारी जागे होईपर्यंत तिचा माल रशियात खपलासुद्धा. बचत गटाची मीटिंग घेताना मी नेहमी म्हणते, उसनवारीवर जुगार नको. या बाईने मात्र खेळला, हे खरं तेच सांगायला हवं.

तिने पुन्हा लग्न केलं नाही. १८६६ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी ती वारली. बाटलीवर अजून तिचं नाव आहे, 'वव्ह क्लिको'. वव्ह म्हणजे विधवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं. आपल्याकडे ज्या शब्दाने बाईला बाजूला बसवतात, तोच तिने बाटलीवर छापला आणि जगभर विकला.

पण धंदा मुलीकडे गेला नाही. क्लेमांतीनचं लग्न सरदार घराण्यात लावून दिलं होतं. धंदा गेला वर्ले नावाच्या कारभाऱ्याकडे, जो पुढे तिचा भागीदार झाला होता.